हलू नका

ससूनच्या एक्स-रे खोलीत एकोणीस वर्षं
मी तीनच वाक्यं म्हणत आलोय:
श्वास घ्या. धरा. हलू नका.
तिसरं ऐकून हसलेली
ही पहिलीच बाई.

जैतून मुजावर, मंगळवार पेठ,
डावा खुबा दुखतोय म्हणून आलेली.
"सगळा जन्म 'हां, पड आता' ऐकण्यात गेला बाळा,
हलू नका कुणी म्हटलंच नाही."
आणि हसता हसता हललीच.
प्लेट वाया.

दुसरी बघून डॉक्टरांनी छाती लिहिली,
मग मनगट, मग पाठ.
उजेडाच्या खोक्यावर चारही टांगल्या
आणि जेवायची सुट्टी विसरून मी मोजत बसलो.

"ही सातवी बरगडी?"
"कात्रजचा घाट. जीप उलटायची होती.
उलटली, पण ठरल्यापेक्षा एक पलटी जास्त."
"हासळी?"
"खिडकी. साखरेची काच यायची होती मुंबईहून,
आली नाही. म्हणाले, साधी लावू,
एकाच टेकचं तर काम आहे."
भाजीचे भाव सांगावेत तसं सांगत होती.
"आणि मनगटातला हा खिळा?"
"तो होय? न्हाणीघरात घसरले."

बाप स्टेशनवर टांगा हाकायचा.
घोडी शेवंती, एका डोळ्यात फूल पडलेली.
शूटिंगवाल्यांना घोडी पसंत पडली,
पण ती जैतूनशिवाय कुणाला पाठीवर टिकू देईना,
म्हणून सोळा वर्षांच्या पोरीला हिरॉईनची साडी,
निऱ्यांना बारा सेफ्टी पिना,
आणि ताकीद एकच: तोंड कॅमेऱ्याकडे करायचं नाही.
दिवे घाटात दोघींनी चर ओलांडला.
पंचवीस रुपये घोडीचे.
दहा पोरीचे.

पिक्चर लागला तेव्हा टांगा बाहेर उभा करून
बाप पुढच्या बाकावर जाऊन बसला.
चर आला. शिट्ट्या, चिल्लर, आरडाओरडा.
बापानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं, म्हणाला,
घोडी आपली आहे.

"मी मागच्याच रांगेत होते," ती म्हणाली.
मग जरा वेळानं,
"मोहल्ल्यात कळलं असतं तर लग्न झालं नसतं माझं.
तसंही झालं नाही म्हणा."

अडतीस वर्षं.
हिरॉईनी बदलत गेल्या, साड्या उसवून बेतल्या गेल्या.
एकीच्या पाठीवर तीळ होता,
तो हिच्या पाठीवर रोज सकाळी काजळानं लावायचे.
गच्चीवरून पडताना ओरडायची मुभा नव्हती,
ओरडणं नंतर थंडगार स्टुडिओत
हिरॉईन भरायची.
"पडणं माझं, किंचाळी तिची.
चांगली किंचाळायची हां.
मला नसतं जमलं."

मी विचारलं, भीती?
"खाली बघायचं नाही. बाजूला बघायचं.
जमीन कुठं पळून जात नाही."

निघताना प्लेट उजेडाकडे धरून
ती कुठंतरी काहीतरी शोधत राहिली.
खुबा नव्हे; खुब्याकडे तिनं पाहिलंही नाही.
"नाव कुठं येतं यात?"
वरच्या कोपऱ्यात, मी बोट ठेवलं.
"चष्मा नाही. वाच."
जैतून मुजावर, स्त्री, एकाहत्तर.
"मोठ्यानं."
वाचलं. बाहेरच्या रांगेतल्या
चार-दोन माना आत वळल्या,
एकजण उगाच उभा राहिला,
आपलाच नंबर लागला समजून.

"नाव बरोबर आहे," ती म्हणाली,
"वय चुकलंय. अडुसष्ट कर."

सरकारी प्लेट. खाडाखोड चालत नाही.
मी दार लोटून घेतलं,
आणि मार्करचं टोपण काढलं.